गोपाल काय करत होता

"रऊफ, मंगळवारी येऊन राह्यलो मी!" फोनवरून गोपालचे वडील पुंजाराम ओरडले. तिवसा ते अमरावती हे अंतर फोननं नाही, आवाजानंच कापायचं असतं, असा त्यांचा पक्का समज होता. "गोपालचं काम दाखवजो मले. काय करे तो, कुठी करे, सारं."

रऊफच्या एका हातात चहाचा कप होता आणि डोळे समोरच्या पडद्यावर. तोंडातून आपोआप निघून गेलं, "या ना काका, या. दाखवतो."

"नक्की?"

"म्हणजे काय! नक्की."

फोन ठेवला आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय कबूल करून बसलो ते. बोलाफुलाला गाठ पडावी तशी गोष्ट. तासाभरापूर्वीच खुशालभाऊ नांदगाव पेठेहून तणतणत आले होते, आणि गोपालचं काम तिथल्या कापडगिरणीवाल्यांनी बंद करून ठेवलं, हीच बातमी त्यांनी आणली होती.

खुशालभाऊ म्हणजे मालक. राजापेठेत एका जिन्यावर तीन खोल्या, त्यात चार टेबलं, आणि पाटीवर 'ऑटोमेशन' असा भारदस्त शब्द. त्यातल्या दोन टेबलांवर रऊफ आणि गोपाल यांची उमर गेली. अकोल्याला पॉलिटेक्निकमध्ये एका बाकावर बसले, तेव्हापासूनची जोडी. एकाचा डबा दुसऱ्यानं खायचा आणि वर भाजीला नावं ठेवायची, हा रोजचा शिरस्ता. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दाढी करता करता गोपाल खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. त्याचं टेबल अजून तसंच होतं. खुशालभाऊंनी त्यावर प्रिंटर ठेवायचं एकदा काढलं होतं, रऊफनं नुसतं पाहिलं त्यांच्याकडे, तर प्रिंटर गुपचूप खिडकीत गेला.

"भाऊ, एकदा मी बघतो ना काय झालं ते," रऊफ म्हणाला.

"किती बघशीन? महिन्यात तिसऱ्यांदा कापडावर चट्टे पडले. गडद निळा माल, सारा नासला. म्यानेजर म्हंते, तयार मशीन आणतो बाहेरून, तुमचं हे घरगुती नको. मंगळवारी फैसला करणार हाये तो." खुशालभाऊंनी पंख्याखाली शर्टाची बटणं सोडली. "अन खरं सांगू का रऊफ, गेलेल्या मानसाचा प्रोग्राम किती दिवस धरून बसाचं आपण?"

हे बोलून त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं असावं. कारण लगेच त्यांनी दोन चहा सांगितले, आणि ते कधी स्वतःहून चहा सांगत नसत.

गोपालचं काम काय होतं, हे सांगणं तसं सोपं आहे. गिरणीत कापड रंगवायची तीन मशीनं आणि तिघांना वाफ पुरवणारा एक बॉयलर. प्रत्येक मशीनपाशी एक डबा, डब्यात एक लहानसा प्रोग्राम. हे सगळे प्रोग्राम ज्या एका वाटेवर येऊन एकमेकांशी बोलतात, तिला मेसेज बस म्हणतात. गावच्या पारासारखीच गत: यायचं, नाव सांगायचं, काय बोलायचं ते बोलायचं. गोपालनं सी भाषेत जो तुकडा लिहिला होता, तो या पारावर कान लावून बसायचा. वाफ मागायला कोण आलं, कोण गेलं, ध्यानात ठेवायचा. शेवटचा गेला की बॉयलरला सांगायचा, आता आग कमी कर, कोणी उरलं नाही. आणि एखादा डबा न सांगताच मेला, वायर तुटली किंवा लाइट गेली, तर ही बस स्वतः हाकारा देते, अमका गेला म्हणून. मग त्याचंही नाव काढायचं. बस, एवढंच. एवढंच लिहायला गोपालला एक अख्खा उन्हाळा लागला होता, आणि ते कित्येक वर्षं मुकाट चाललं होतं.

पण हे पुंजारामांना कोण सांगणार? तिवश्याला त्यांची चांगली काळी जमीन. पहाटे उठून वावरात जाणारा माणूस. पोरगा सुट्टीत घरी आला तरी मांडीवर लॅपटॉप घेऊन दिवसभर बसलेला दिसायचा. "बसून बसून काय काम होते बे?" हे वाक्य गोपालनं लहानपणापासून ऐकलं होतं. आधी तो चिडायचा, मग हसायचा, शेवटी शेवटी तोच बापाच्या आवाजाची नक्कल करून ऑफिसात सगळ्यांना ऐकवायचा. पण नक्कल संपली की उगाच टेबलावरचे कागद लावत बसायचा. ते रऊफला ठाऊक होतं.

मंगळवारचं कारणही पुंजारामांनी फोनवर सांगून टाकलं होतं. "वर्षश्राद्ध आलं ना बाबू. सोयरेधायरे येतीन. पुसतीन, गोपालराव काय करत होते. मांगं तेराव्यालेबी पुसलं. मले सांगताच नाई आलं रे. बापाले सांगता येऊ नाई?"

आता सांगा, अशा माणसाला 'नका येऊ' कोणत्या तोंडानं म्हणायचं?

संध्याकाळी हमिदानं नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि पोळी तव्यावर तशीच ठेवून विचारलं, "क्या हुआ?" हमिदा पातूरची. तिच्यापुढं गोष्ट लपवायची म्हणजे चाळणीत पाणी भरायचं. रऊफनं सगळं सांगितलं, आणि पुढं आपली युक्तीही सांगितली. काकांना ऑफिसात आणायचं, पडद्यावर चारदोन रंगीत आकडे नाचवायचे, गरम भजी खाऊ घालायची आणि तिवश्याच्या गाडीत बसवून द्यायचं. त्यांना काय कळणार?

हमिदानं पोळी उलटली. ती जळली होती. "झूठ नको बोलो हां उनसे. वो खेतीवाले आदमी है. अंकुर नहीं फूटा तो फूटा बोलके कोई दिखाता क्या उनको?" मग जरा थांबून म्हणाली, "और गोपालभाई का काम है जी. उसमें झूठ नको."

रऊफनं जळकी पोळी निमूटपणे खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्यानं गोपालची फाइल उघडली. गोपाल सी लिहायचा झकास, आणि मधे मधे टिपा टाकायचा अस्सल वऱ्हाडीत. 'इथं हात लावू नये. रऊफभाईनं तर बिलकुलच लावू नये.' 'हे काहून चालते मले मालूम नाई, पण चालते.' ओळी खाली खाली जात होत्या आणि रऊफला एकीकडे हसू येत होतं, एकीकडे डोळ्यांपुढची अक्षरं फुटत होती. चूक काही सापडेना. एका जागी लिहिलं होतं, 'एक नाव एकदाच मोजाचं. एक मानूस दोनदा कसा येईन?' बरोबरच होतं की. ज्या मशीननं 'मी आहे' म्हणून सांगितलं, तिनं तेच पुन्हा सांगितलं तर पुन्हा कशाला मोजायचं? रऊफ पुढं गेला. संध्याकाळपर्यंत फाइल दोनदा वाचून झाली. हाती काही लागलं नाही.

सोमवारी तो उठून थेट नांदगाव पेठेला गेला. तिन्ही वेळेस चट्टे शिफ्ट बदलतानाच पडले, एवढं मॅनेजर सांगत होता, म्हणून शिफ्ट बदलायच्या वेळी तो पहिल्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. तिथं ओमप्रकाश होता. मिशा पिकलेला, हात कोपरापर्यंत निळे, रंगखात्यातला सगळ्यात जुना कारागीर.

भोंगा झाला. ओमप्रकाश जागचा हलेना.

"सुट्टी झाली ना भाऊ तुमची?" रऊफनं विचारलं.

"झाली ना. पण माह्या जागी मानूस लागल्याबिगर मी हात काढत नाई." ओमप्रकाशनं मशीनवर थाप मारली. "अंदर गरम माल हाये. तो काय असा बेवारशी सोडाचा? आमच्या खात्यात असंच चालते. पयले येणारा लागते, मंग जाणारा सुटते."

तेवढ्यात दुसऱ्या शिफ्टचा संघपाल डोक्याला रुमाल बांधत आला. त्यानं आल्या आल्या डब्यावरचं हिरवं बटण दाबलं. म्हणजे, मी लागलो. दोघं माल कुठवर आलाय यावर बोलले, तंबाखूची देवाणघेवाण झाली, आणि मग ओमप्रकाशनं लाल बटण दाबलं. म्हणजे, मी सुटलो. दुसऱ्या मशीनवर तेच. तिसऱ्यावरही तेच.

रऊफ त्या लाल बटणाकडे बघतच राहिला. 

मशीन एक, डबा एक, बसवर नावही एकच. ओमप्रकाश सकाळी लागला तेव्हा नाव चढलं. दुपारी संघपाल लागला तेव्हा गोपालच्या प्रोग्रामनं पाहिलं, हे नाव तर आहेच, पुन्हा काय मोजायचं! आणि ओमप्रकाश सुटला तेव्हा नाव साफ पुसून टाकलं. संघपाल मशीनपाशी उभा, मशीनमध्ये गरम माल, आणि प्रोग्रामच्या लेखी तिथं चिटपाखरू नाही. तिन्ही मशीनांचं असं झालं की बॉयलर निवांत झोपायला जाणार, आणि वाफ उतरली की कापडावर चट्टे.

"ओमप्रकाशभाऊ, हे महिन्याभरातच काहून होऊन राह्यलं? पहिले का नाही झालं?"

ओमप्रकाशला तो आपल्यावरचा आरोप वाटला. "आमी सारे बराबर बटन दाबतो, काय? तो तिसऱ्या मशीनवाला, त्याले घरी पळाची घाई, तो लाल बटन कधीच दाबे नाई. मांगच्या महिन्यात म्यानेजरनं त्याले सगळ्याईपुढं झापलं. तवापासून तोबी दाबते. तरी अजून विसरतेच जास्त, दाबते कधीमधी."

रऊफला हसू आवरेना. भर रंगखात्यात तो खो खो हसत सुटला आणि ओमप्रकाश संघपालकडे बघू लागला, की इंजिनेराले काय झालं. इतकी वर्षं एका कामचुकार माणसाच्या विसरभोळेपणावर गिरणीचं कापड तगून होतं. ज्या दिवशी सगळे शहाण्यासारखे वागले, त्या दिवशी माल नासला. गोपाल असता तर त्यानं हा किस्सा अख्ख्या अमरावतीला सांगितला असता. हसता हसता रऊफचे डोळे भरून आले. मग वाफेचं निमित्त करून त्यानं चष्मा पुसला.

गोपालची चूक मोठी नव्हती. त्यानं शिफ्ट बदलताना कधी इथं येऊन पाहिलं नव्हतं, एवढंच. एक माणूस गेल्याशिवाय दुसरा कसा येईल, असं त्याला टेबलापाशी बसून वाटलं होतं. रऊफनं तिथंच एका पिंपावर लॅपटॉप ठेवला आणि मोजायची तऱ्हा बदलली. जितक्या वेळा लागला तितक्या वेळा सुटला पाहिजे, तेव्हाच नाव काढायचं. आणि डबाच मेला तर सगळं एकदम. एका डब्याची वायर उपटून तेही त्यानं करून पाहिलं. गोपालच्या टिपेला मात्र त्यानं हात लावला नाही. खाली फक्त एक ओळ घातली, 'येते रे लेका. शिफ्ट बदलताना येते.'

मॅनेजरनं कपाळाला आठ्या घालून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्याची एक शिफ्ट. माल बिघडला की तुमचं सामान उचला."

मंगळवारी पुंजाराम आले. पांढरी टोपी, परीटघडीचं धोतर आणि हातात ओल्या घाट्यांची पिशवी. "हमिदाले दे. भाजून खा म्हना हरबरा." रऊफनं त्यांना स्कूटरवर बसवून थेट गिरणीत नेलं.

रंगखात्यातल्या वाफेनं आणि आवाजानं म्हातारा जरा बिचकला. मग त्यानं सगळीकडे नीट पाहून घेतलं, जसं दुसऱ्याचं वावर पाहतात.

"यात गोपालचं कोन्तं?"

रऊफनं भिंतीवरच्या करड्या डब्याकडे बोट दाखवलं.

"हा डबा त्यानं केला?"

"डबा नाही काका. डब्याच्या आत जे चालते ते."

"उघडून दाखव."

"उघडलं तरी दिसत नाही ते."

"मंग काय दाखवून राह्यला बे तू मले?" पुंजाराम चिडले नव्हते, रडवेले झाले होते. एवढं लांब येऊन पुन्हा रिकाम्या हातानं जायचं की काय, ही भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

रऊफनं त्यांचा हात धरला. "काका, तुमच्या विहिरीवर मोटर एक. पाणी घेणारे तिघं भाऊ. सगळ्याईचं भिजवणं झालं की मोटर कोण बंद करते?"

"जो आखरीचा राह्यला तो. पण तो दुसऱ्याच्या भरोशावर घरी निंघून जाते. यावरूनच तं भांडनं होतात."

"हं. मग समजा, विहिरीवर एक राखणदार बसवला. कोण पाणी घेते, कोण गेला, त्याले सारं ठाऊक. कोणी वावरात भिजवत असताना मोटर बंद करणार नाही, अन कोणी नसताना फुकट चालू देणार नाही. रात्र नाही, दिवस नाही, सण नाही. असा राखणदार गोपालनं बनवला."

पुंजारामांनी डब्याकडे पाहिलं. "अन हा झोपत नाई?"

"नाही."

"हं," म्हातारा म्हणाला. त्या 'हं'मध्ये किती शिरलं आणि किती बाहेरच राहिलं, ते रऊफला कळेना.

भोंगा झाला. मॅनेजर येऊन उभा राहिला, आणि त्याच्या मागं खुशालभाऊ, घामानं डबडबलेले. संघपालनं हिरवं बटण दाबलं. ओमप्रकाशनं लाल दाबलं. दुसरं मशीन झालं. तिसऱ्या मशीनवाल्यानं तर आज सगळ्यांना दिसेल असं, ठासून दाबलं. सगळ्यांच्या नजरा वाफेच्या काट्यावर. काटा जिथं होता तिथंच राहिला. खाली बॉयलर घुमतच होता.  मग मॅनेजर "ठीक आहे, राहू द्या हेच," एवढं म्हणून आपल्या खोलीकडे गेला. खुशालभाऊंनी रऊफच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्माच घसरला.

"नाई तं हे बंद पडलं होतं, बरं का बाबा," ओमप्रकाश आपला भोळेपणानं पुंजारामांना सांगायला लागला. "कापडच्या कापड खराब झालं याच्यानं."

पुंजारामांनी मान वळवली. "गोपालचं बंद पडलं होतं? काहून?"

झालं! रऊफच्या तोंडाशी खोटं तयार होतं. वायर सैल झाली होती, उंदरानं कुरतडली होती, काहीही चाललं असतं. खुशालभाऊ मागून खुणावतही होते, सांगू नको म्हणून. पण समोर गोपालचा बाप होता, आणि गोपालच्या कामाबद्दल विचारत होता.

"त्याच्या हातून चूक झाली होती काका," रऊफ म्हणाला. "मोजण्यात चुकला होता तो. काल सापडली, अन सुधारली."

पुंजारामांनी डब्यावर एक हात ठेवला. रऊफला वाटलं, संपलं. आता म्हातारा म्हणणार, मी सांगतच होतो, बसून काय काम होते. मेल्यावरही पोराच्या पदरात तेच पडणार, आणि आपल्या हातानं. त्याला स्वतःच्या खरेपणाचा राग आला.

"चुकला होता?" पुंजारामांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"म्हंजे काम करत होता तो," म्हातारा हळूच म्हणाला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच एवढा खाली आला होता. "नुसत्या बसल्या मानसाच्या हातून काय चुकते रे? पेरते त्याचंच तिफनीचं तास वाकडं जाते. माह्या हातून काय कमी गेले? माहा बाप मांगून येऊन दुरुस्त करे, अन शिव्या दे." त्यांनी टोपी काढली, टोपीनंच डोळे पुसले आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. "मले वाटे, नुसताच बसून राह्यते पोट्टा. तो तं पेरत होता. म्या कधी बांधावर येऊन पाह्यलंच नाई."

 रऊफ नुसता त्यांचा हात दाबत राहिला. खुशालभाऊ विनाकारण फोनमध्ये बघू लागले.

संघपालला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तो कापडाचं टोक तपासून सरळ झाला, तर पांढऱ्या टोपीतला अनोळखी म्हातारा त्याच्या डब्याला हात लावून उभा. नवा कोणी तपासायला आला की काय, असं वाटून त्यानं जरा अदबीनंच विचारलं, "बाबा, तुमी कोन?"

पुंजारामांनी डब्यावरचा हात काढला नाही.

"हे ज्यानं केलं ना," ते म्हणाले, "त्याचा बाप."

गिरणीचा आवाज मोठा होता, म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा, तिवश्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या जोरानं सांगितलं.